पाण्याची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यांत राहणाऱ्या मनुष्यानें खाडीविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं थोडें विचित्र वाटेल. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. भरती-ओहोटी आमच्या मुलांनीं बहुधा पुस्तकांतच पाहिलेली. परंतु आमच्या ओढ्याचें पाणी अखेर समुद्रासच जातें. जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा आणि दक्षिण सीमेवरून येणारी पैनगंगा वणी तालुक्याच्या टोकाशीं एकत्र होतात; पुढें वैनगंगा मिळून त्यांची प्राणहिता होते, ती गोदावरींत शिरते, आणि गोदावरी आंध्र देशांत बंगालच्या उपसागरास मिळते. तेव्हां खाडीच्या पाण्याची राखण करणाऱ्या लोकांच्या उद्योगाशीं आमचा कांहींच संबंध नाहीं, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. शिवाय या उद्योगांतून जो नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो तो केवळ खाडीचा नाहीं. जेथें जेथें अनेकांचें मिळून एक पाणी आहे, तेथें तेथें तो आहेच.

परदेशांत समुद्रकांठच्या पुष्कळ गांवीं अशी रीत पडली आहे कीं, ज्या खाडींत लोक पोहतात, नावा वल्हवितात, मुलें खेळतात, तिचें पाणी गांवांतलींच माणसें ठरलेल्या दिवशीं बाटल्यांत भरून तपासतात. हीं माणसें पगारी नव्हेत. कोणी शिक्षक असतो, कोणी निवृत्त कारकून, कोणी शाळेंतील मुलगी. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें तर खाडी तपासणाऱ्या अशा स्वयंसेवकांसाठीं स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथच काढला आहे. खाडीचें पाणी तपासणें अवघड, कारण तेथें एकच एक पाणी नसतें. भरतीबरोबर समुद्राचें खारें पाणी आंत येतें, ओहोटीबरोबर वरच्या गांवांचा मळ खालीं उतरतो. सकाळीं निर्मळ असलेलें स्थळ दुपारीं तसेंच राहील असा भरंवसा नसतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर तर दोन-तीन दिवस गटारांचें व गोठ्यांचें धुवण त्यांत येत राहतें. म्हणून एकदां तपासून भागत नाहीं; पुनः पुन्हां जावें लागतें. या कंटाळवाण्या कामांत कीर्ति नाहीं, द्रव्य नाहीं. अशा रीतीनें हातीं आलेल्या ज्ञानाचें त्या माणसांनीं काय करावें, हा आमच्या पुढचा विषय आहे.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं एका पर्वणीच्या आधीं जवळच्या नदीच्या घाटावरून चार बाटल्या पाणी भरून आणिलें. या परीक्षेची कृति सोपी आहे. बाटलींत औषध घातलेलें असतें. तींत पाणी भरून ती दिवस-दोन दिवस उबेंत ठेवावयाची. पाणी काळें पडलें, तर त्यांत विष्ठेंतील जंतु असल्याचा संशय धरावयाचा. चारांपैकीं तीन बाटल्या काळ्या पडल्या. पर्वणी दुसऱ्या दिवशीं पहाटे होती. विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाले, "सर, आतां लोकांना सांगायचं कीं नाहीं?" त्यांत एक मुलगी होती, तिची आजी त्याच घाटावर स्नानास जाणार होती. आम्हीं उत्तर दिलें, "घाई करूं नका, आधीं खात्री करून घेऊं." उत्तर दिसावयास शास्त्रीय होतें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, तें भीतीपोटीं दिलेलें होतें. गांवांत आमच्याविषयीं मत बरें आहे. पर्वणीच्या विरुद्ध प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांस चिथावलें असा बोभाटा झालेला आम्हांस नको होता.

मुलीनें आमचा सल्ला मानला नाहीं. तिनें घरीं जाऊन आजीस सांगितलें. आजीनें रागवावें, देवाधर्माचें नांव घ्यावें, असें कांहीं झालें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "माय, पानी खराब हाये म्हनतेस, त मंग चांगलं कुठी हाये थे बी सांग." या प्रश्नास मुलीपाशीं उत्तर नव्हतें; आणि दुसऱ्या दिवशीं तिनें तो आमच्यापुढें ठेवला तेव्हां आमच्यापाशींहि नव्हतें. आजी स्नानास गेली. तेव्हांपासून दोन प्रश्न आमच्या मनांतून जात नाहींत: ज्याला कळलें त्यानें सांगावें कीं नाहीं, आणि सांगितल्यावर त्याचें कर्तव्य संपलें कीं नाहीं.

पहिल्या प्रश्नावर एक आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो. पाणी तपासणें हें तज्ज्ञांचें काम आहे. चार दिवस शिकलेल्या हौशी माणसांनीं लोकांत घबराट पसरूं नये. या म्हणण्यांत तथ्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांची बाटली केवळ संशय दाखविते, निर्णय देत नाहीं. शिवाय ती उत्तर देते तें कालच्या पाण्याविषयीं, आणि स्नान करावयाचें असतें आजच्या पाण्यांत. ही दुसरी अडचण तर मोठमोठ्या प्रयोगशाळांसहि चुकलेली नाहीं, कारण जंतूंची वाढ होऊन ते मोजतां येण्यास त्यांनाहि बहुधा एक दिवस लागतो. परंतु यावरून निघतें तें इतकेंच कीं, हौशी मनुष्यानें आपल्या ज्ञानाची मर्यादा ज्ञानाबरोबरच सांगितली पाहिजे. त्यानें तोंड मिटून बसावें, असें त्यावरून निघत नाहीं.

या बाबतींत लंडनमधील १८५४ सालची हकीकत विचार करण्यासारखी आहे. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटवर पटकीचा भयंकर उद्भव झाला. तेथील सार्वजनिक पंपाचें पाणी हेंच कारण होय, असें जॉन स्नो या डॉक्टरानें प्रतिपादिलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. तें पाणी चवीला चांगलें म्हणून प्रसिद्ध होतें. गल्ली सोडून दूर राहावयास गेलेली एक विधवा बाई तें मुद्दाम मागवून पीत असे, आणि त्यानेंच ती मेली. स्नोचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु हेन्री व्हाइटहेड नांवाच्या तरुण धर्मोपदेशकाचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. हा ना डॉक्टर, ना रसायनशास्त्रज्ञ. स्नोचें मत त्यास चूक वाटत होतें, आणि तें खोडून काढण्याच्या हेतूनेंच तो घरोघर हिंडून चौकशी करूं लागला. तेथील कुटुंबें त्याच्या ओळखीचीं होतीं, म्हणून परक्या डॉक्टरास जें कोणी सांगितलें नसतें तें लोकांनीं त्यास सांगितलें. शेवटीं पंपाशेजारच्या घरांतील एका तान्ह्या मुलाचें आजारपण त्यानेंच शोधून काढलें. त्या मुलाचे लंगोट धुतलेलें पाणी विहिरीजवळच्या मैलाखड्ड्यांत पडत होतें. आपलें मत चुकलें हें त्यानें उघडपणें मान्य केलें. हौशी परीक्षकाची योग्यता ठरवावयाची ती अशी. पदवी नसल्यानें त्याचें कांहीं अडलें नाहीं. स्वतःच्या मताविरुद्ध आलेला पुरावा त्याला सोसतां आला, हें महत्त्वाचें. उलट पदवी असूनहि ज्याला हें साधत नाहीं, अशा मनुष्याच्या हातीं बाटली न देणेंच बरें.

शिवाय तज्ज्ञाच्या हातीं जें आहे आणि जें नाहीं, त्यांतील भेद आपण पुष्कळदां विसरतों. पाण्यांत अमुक जंतु आहेत हें तज्ज्ञ सांगूं शकतो. तें पाणी सुरक्षित आहे कीं नाहीं हें तो एकटा सांगूं शकत नाहीं. आपल्या देशांत स्नानाच्या पाण्याचे जे निकष २००० सालीं अधिसूचित झाले, त्यांप्रमाणें १०० मिलिलिटर पाण्यांत विष्ठाजन्य जंतूंची संख्या ५०० पर्यंत असावी, आणि कमालमर्यादा २५०० ची. या दोन आंकड्यांमधील अंतर कोणी काढलें? अमेरिकेंत २०१२ सालीं पोहण्याच्या पाण्याचे जे निकष ठरले त्यांत हा हिशेब अधिक उघडपणें मांडला आहे: दर हजार पोहणाऱ्यांमागें सुमारें ३६ जणांस पोटाचा विकार होईल असें धरून एक मर्यादा, आणि ३२ जणांस होईल असें धरून दुसरी. म्हणजे 'सुरक्षित' या शब्दाच्या पोटांत तीस-पस्तीस आजारी माणसें आधींच मोजून ठेविलेलीं आहेत. यांत लबाडी नाहीं. जगांत पूर्ण निर्भय असें पाणी कोठेंच नाहीं. परंतु किती माणसें आजारी पडलेलीं चालतील, हा प्रश्न रसायनशाळेचा नसून समाजाचा आहे. आणि समाजानें तो सोडवावयाचा तर त्याला आंकडे कळले पाहिजेत. आंकडा दडवून ठेवणारा मनुष्य, मग तो कितीहि विद्वान् असो, दुसऱ्याच्या वतीनें परस्पर निर्णय घेत असतो.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतींत हीच गोष्ट अधिक तीव्रतेनें दिसते, आणि तिच्यासाठीं आम्हांस परदेशीं जावयास नको. या जिल्ह्याच्या पूर्वभागांत, पांढरकवडा व झरी जामणीकडील कित्येक गांवांच्या भूजलांत फ्लोराइडचें प्रमाण मर्यादेबाहेर आढळलें आहे. या पाण्यास रंग नाहीं, वास नाहीं, वाईट चव नाहीं. लहानपणीं तें पिणाऱ्या मुलांच्या दांतांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षें पीत राहिल्यास हाडें व सांधे ताठरतात. आपल्या राष्ट्रीय मानकांत फ्लोराइडची ग्राह्य मर्यादा दर लिटरमागें १ मिलिग्रॅम दिली आहे. आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती १.५ पर्यंत चालेल असें म्हटलें आहे. 'दुसरा स्रोत नसल्यास' हे शब्द वाचून आम्ही बराच वेळ थांबलों. दुसरी विहीर नाहीं म्हणून मनुष्याचें हाड कांहीं अधिक सोशिक होत नाहीं. मानक करणाऱ्यांचा दोष नाहीं. त्यांस तहानलेल्या माणसासाठीं नियम करावयाचा होता. परंतु आजीनें नातीस विचारलेला प्रश्नच या चार शब्दांत उभा आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. नदी ही माता आहे, तीर्थ आहे. तिच्या पाण्याची बाटली भरून परीक्षा घेणें हा तिचा अपमान होय, असें कित्येकांस मनापासून वाटतें. आम्ही या भावनेची थट्टा करीत नाहीं. परंतु पावित्र्य आणि शुद्धता या दोन भिन्न कल्पना आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानें आपल्या समाजाचें फार मोठें नुकसान झालें आहे. महाडचें चवदार तळें हें याचें ज्वलंत उदाहरण. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या हजारों अनुयायांसह तें पाणी प्राशन केलें. त्यानंतर तळें बाटलें असें म्हणून सनातनी मंडळींनीं शेण, गोमूत्र, दूध, दही त्यांत ओतून त्याची 'शुद्धि' केली. त्या दिवशीं कोणी तळ्याचें पाणी भरून तपासलें असतें, तर मनुष्याच्या ओंजळीनें तें बिघडलेलें आढळलें नसतें. शेणानें बिघडलेलें मात्र निश्चित आढळलें असतें. त्या तळ्यावरील हक्काचा निकाल उच्च न्यायालयांतून लागावयास १९३७ साल उजाडावें लागलें. परीक्षेच्या बाटलीचा हा एक मोठा गुण आम्हांस वाटतो, कीं पाणी कोणीं भरलें हें ती विचारीत नाहीं.

आणि श्रद्धा व परीक्षा एकाच माणसांत सुखानें नांदूं शकतात, याचें उदाहरण काशीस घडून गेलें आहे. वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत होते, आणि बनारस हिंदु विश्वविद्यालयांत जलशास्त्राचे प्राध्यापकहि होते. १९८२ सालीं त्यांनीं संकटमोचन फाउंडेशन स्थापन केलें. पुढें त्या संस्थेच्या तुळशीघाटावरील प्रयोगशाळेंतून गंगेच्या पाण्याचे आंकडे सातत्यानें निघत राहिले. हे गृहस्थ नित्य गंगास्नान करीत आणि त्याच गंगेंत किती मैला मिसळतो तें जाहीर सांगत. २०१३ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या या वागण्यांत विसंगति आहे असें कांहीं जणांस वाटे. आम्हांस तसें वाटत नाहीं. आजारी आईची नाडी पाहणारा मुलगा तिचा अनादर करीत नसतो. आणि नाडी पाहिल्यावर ती ठीक आहे असें खोटें सांगणारा मुलगा तिची भक्ति करीत नसतो.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत जड वाटतो. ज्याला उपाय करण्याचें सामर्थ्य नाहीं, त्यानें दुःखद वार्ता तरी कां सांगावी? बांगला देशांत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उद्भवला. तळ्यांच्या घाण पाण्यानें होणारे विकार टळावे म्हणून तेथें लाखों कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९३ सालीं असें उघडकीस आलें कीं, त्यांपैकीं कित्येकींच्या पाण्यांत सोमल आहे. पुढें २००० नंतरच्या कांहीं वर्षांत सुमारें ५० लाख कूपनलिका तपासून त्यांतील वाईट लाल व चांगल्या हिरव्या रंगविण्यांत आल्या. लाल निघाल्या त्या सुमारें १४ लाख. आतां ज्या गांवांत सर्वच नळ लाल निघाले, तेथें लाल रंगानें लोकांस भीतीशिवाय काय दिलें, असें कोणीहि विचारील. परंतु जेथें लाल नळाशेजारींच हिरवा होता, तेथें पुष्कळ कुटुंबें केवळ त्या रंगामुळें दुसऱ्याच्या नळावर जाऊं लागलीं. उपाय शेजारच्या अंगणांतच होता. तो कोणास ठाऊक नव्हता. यावरून आम्ही असें अनुमान काढतों कीं, उपाय नाहीं हें सांगणाऱ्यानें आधीं गृहीत धरूं नये. पुष्कळदां उपाय ऐकणाऱ्यापाशींच असतो. आणि जेथें खरोखरच उपाय नसतो, तेथेंहि सर्व नळ लाल आहेत ही गोष्ट गांवास कळल्यावांचून गांव दुसरें पाणी मागणार तरी कोणत्या तोंडानें?

यापुढें चौथा आक्षेप येतो, व तो बहुधा सुशिक्षितच घेतात. स्वयंसेवकांनीं हें काम पत्करलें कीं सरकारचें आयतेंच फावतें; कराचा पैसा घेणाऱ्यांनीं करावयाचें काम फुकट कां करावें? हा धोका खरा आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्यें प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांस पाणी तपासण्याचें शिक्षण व त्यासाठीं लागणारें साहित्य द्यावें, अशी योजना आहे. योजना चांगली; परंतु त्या बाईनें पाणी वाईट असल्याचें सांगितल्यावर तिचा आंकडा ज्या कचेरींत जाईल, तेथून उत्तर न आल्यास दोष त्या बाईच्याच पदरीं येतो. गांव तिलाच विचारणार. म्हणून स्वयंसेवा ही सरकारी कर्तव्याची बदली होऊं नये, तर त्या कर्तव्याची साक्षीदार व्हावी. सरकारी खातें ठराविक ठिकाणीं ठराविक मुदतीनें पाणी घेतें. मुलें कोणत्या डोहांत उड्या मारतात, म्हशी कोठें बसतात, कपडे कोठें धुतात, हें गांवच्या माणसासच ठाऊक. दोघांच्या नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजेच खरें चित्र दिसूं लागतें.

येथें कोणी म्हणेल, नदीचें स्नान किंवा मुलांचें पोहणें ही चैन आहे. पिण्याच्या पाण्याची पंचाईत असतां तिचा एवढा विचार कशास? आम्ही याशीं सहमत नाहीं. वैशाखांत आमच्याकडील ऊन कसें असतें तें वाचकांस सांगावयास नको. ज्यांच्या वडिलांनीं पोहण्याच्या तलावाची वर्गणी भरली आहे अशीं मुलें थोडीं. उरलेल्या सर्वांस डोह हाच एक आनंद. घाण झालेली नदी गरिबाच्या मुलाकडून जें हिरावून घेते, त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं.

आतां आमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. सांगणाऱ्याचें कर्तव्य कोठें संपतें? इब्सेनच्या १८८२ सालच्या एका प्रसिद्ध नाटकांतील डॉक्टर स्टॉकमन यास असें आढळतें कीं, ज्या स्नानगृहांवर गांवाची भरभराट अवलंबून आहे त्यांचेंच पाणी दूषित आहे. तो सत्य सांगतो. नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ विरुद्ध जातो, वृत्तपत्र पाठ फिरवितें, आणि सभा त्याला जनशत्रु ठरविते. सत्यजित राय यांनीं हीच कथा बंगालांत आणून १९८९ सालीं चित्रपट केला. त्यांत दूषित पाणी मंदिरांतील चरणामृताचें आहे. तरुणपणीं हें नाटक वर्गांत शिकवितांना आम्ही स्टॉकमनच्या बाजूनें फार आवेशानें बोलत असूं. आतां वय झाल्यावर त्याचा एक दोष दिसूं लागला आहे. लोकांनीं ऐकलें नाहीं तेव्हां तो पाण्याविषयीं बोलावयाचें सोडून लोकांविषयीं बोलूं लागतो. बहुसंख्य माणसें मूर्खच असतात, असें भर सभेंत मांडतो. सत्य त्याच्या बाजूस होतें, पण त्या सभेंतील कोणाचीहि अडचण त्यानें विचारली नाहीं. स्नानगृहें दोन वर्षें बंद राहिलीं तर आम्हीं खावें काय, हा प्रश्न स्वार्थाचा असेल, परंतु तो खोटा नव्हता. आजीच्या प्रश्नाचाच तो भाऊ होय.

म्हणून आमचें मत असें बनलें आहे. सर्वांच्या पाण्याविषयींचें ज्ञान हें जाणणाऱ्याच्या खाजगी मालकीचें नाहीं. तें त्यानें सांगितलेंच पाहिजे, आणि कचेरीच्याहि आधीं ज्यांना त्या पाण्यांत उतरावयाचें आहे त्यांस सांगितलें पाहिजे. तें सांगतांना आपला संशय संशय म्हणूनच सांगितला पाहिजे. लोकांनीं ऐकलें नाहीं तर त्यांचा तिरस्कार करण्याचा अधिकार त्यानें मिळत नाहीं. आणि सांगणें हा त्याच्या कामाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे चांगलें पाणी कोठें आहे तें त्यांच्याबरोबर शोधणें. हा दुसरा अर्धा भाग करण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानेंहि पहिला टाळूं नये हें खरें. पण आपण कर्तव्य पुरें केलें असेंहि समजूं नये.

असो. त्या पर्वणीनंतर विद्यार्थी दर महिन्यास घाटावर जातात. आतां ते घाटाखालींच न थांबतां ओढा जेथें नदीस मिळतो त्याच्या वरच्या अंगासहि एक बाटली भरतात, आणि तेथील पाणी आतांपर्यंत बहुतेक वेळां काळें पडलेलें नाहीं. तेथें उतार अवघड आहे, दगड निसरडे आहेत; म्हाताऱ्या माणसानें तेथें जावें असें सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं. पायऱ्या करून मिळाव्या व ओढ्यांत येणारें गटार वळवावें, असा अर्ज विद्यार्थ्यांनीं आंकड्यांसह दिला आहे, आणि त्याखालीं पहिली सही त्या आजीची आहे. दुसरी आमची आहे. ती आम्हीं पहिल्याच दिवशीं करावयास हवी होती.